नवीन गिलाव्यावर रंग: भिंत सुकल्याशिवाय डबा उघडू नका

गणपतीच्या आधी घाईघाईत रंगवलेल्या नव्या घरांच्या भिंती दिवाळीपर्यंत बोलायला लागतात. कुठं फोड आलेत, कुठं पांढरं मीठ फुटलंय, कुठं नख लावलं की पुट्टीसकट (रंगाखालच्या गुळगुळीत लेपासकट) पापुद्रा हातात येतोय. मग शिव्या बसतात पेंटरला, नाहीतर रंगाच्या कंपनीला. बहुतेक वेळा रंग बरा असतो आणि पेंटरचा हातही बरा असतो, फक्त आतली भिंत ओली असते आणि कामाचा क्रम उलटापालटा झालेला असतो. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडं ह्याच दोन चुका परत परत दिसतात म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे सगळं सिमेंटच्या गिलाव्याच्या आतल्या भिंतींबद्दल आहे, बाहेरच्या भिंतीचं आणि जिप्सम प्लास्टरचं गणित वेगळं.

## आधी तारखेचं बोलू

आपल्याकडं वास्तुशांतीची तारीख आधी निघते, पत्रिका छापून येतात, आणि मग गिलावा झाल्यापासून मोजायला बसतात की रंगाला किती दिवस मिळतायत. इथंच गाडी घसरते. २८ दिवसांचा आकडा सगळ्यांच्या तोंडात असतो, "महिना झाला की, मारा आता रंग", पण हा २८ दिवसांचा हिशोब सिमेंटच्या ताकदीचा आहे, तेवढ्या दिवसात भिंत सुकते असा त्याचा अर्थ होत नाही. सुकणं हवेवर आहे, भिंत कशाची आहे त्यावर आहे, आणि गिलावा किती जाड बसलाय त्यावर आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अथणी-चिक्कोडीकडच्या कोरड्या हवेत पाच-सहा आठवड्यांत भिंत तयार होऊ शकते. तोच गिलावा जुलैत खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात केला असेल तर तीन महिने झाले तरी आतनं ओल जात नाही, कारण बाहेरची हवाच भरलेली असते, भिंतीनं पाणी सोडायचं कुठं? बेळगाव शहर ह्या दोघांच्या मधलं, पण पावसाळ्यात तेही खानापूरच्याच बाजूचं समजून चाला. त्यात भिंत जांभ्या चिऱ्याची असेल तर अजून वेळ धरा, जांभा पाणी भरपूर पितो आणि सावकाश सोडतो, शिवाय चिरे एकसारखे नसले की गिलावा एके ठिकाणी अर्धा इंच आणि एके ठिकाणी सव्वा इंच असा बसतो आणि जाड ठिकाण सगळ्यात शेवटी सुकतं.

म्हणून पावसाळ्यात गिलावा झाला असेल तर रंगाचं काम नोव्हेंबरच्या पुढं ढकला. मुहूर्त टळत नसेल तर कोऱ्या गिलाव्यावर पूजा करा, तोरण बांधा, जेवणं घाला, रंग नंतर. लोक काय म्हणतील ह्याची काळजी मला कळते, पण एका वर्षात सगळं खरवडून परत करायला लागलं की दुप्पट खर्च आणि राहत्या घरात धूळ, ते जास्त वाईट.

सावध: "तोपर्यंत एक हात चुन्याचा मारून ठेवू" हा सल्ला सर्रास मिळतो. चुना मारलेल्या भिंतीवर पुढं पुट्टी किंवा रंग धरत नाही, चुन्याची पावडर मध्ये राहते आणि सगळं तिच्यावरनं सुटतं. मारलाच असेल तर नंतर पत्तीनं (पुट्टी ओढायच्या सपाट पात्यानं) पूर्ण खरवडून काढायची तयारी ठेवा.

## १. गिलाव्याला पाणी

रंगाचा पाया इथं पडतो आणि त्यावेळी पेंटर जागेवर नसतो, म्हणून मालकानंच बघायचं. गिलावा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं कमीत कमी सात दिवस पाणी, उन्हाळ्यात दहा दिवस. सकाळी एकदा पाईप धरला की झालं असं करू नका, भिंत दिवसभर ओलसर राहिली पाहिजे, उन्हाळ्यात तीनदा लागेल. वरचा कोपरा आणि खिडकीच्या बाजूचे काठ नेमके सुटतात, तिथंच नंतर रेती झडते.

एम सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) गिलावा असेल तर अजून लक्ष द्या. गिलाव्यासाठी बारीक चाळलेली पी सँड येते ती वापरली तर बरं, कारण साध्या एम सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त आली की केसासारख्या चिरा जाळीसारख्या पसरतात.

पाणी थांबवल्यावर लगेच शेगडी पेटवून किंवा मोठे हॅलोजन लावून भिंत "भाजून" काढू नका. वरचा पापुद्रा सुकतो, चिरा पडतात, आत ओल तशीच. शिवाय बंद खोलीत कोळशाची शेगडी जिवावर बेतू शकते. खिडक्या उघड्या ठेवा, समोरासमोर वारा खेळू दे, पाऊस असेल तेव्हा टेबल फॅन लावा, एवढंच.

## २. बाकीच्यांची कामं आधी उरकून घ्या

पुट्टी झाली आणि मग इलेक्ट्रिशियन येऊन म्हणतो इथं एक पॉइंट राहिला. मग झिरी (पाईपसाठी भिंतीत खाच) मारायची, पाईप बसवायचा, सिमेंट भरायचं, आणि तो पट्टा रंगानंतर कायम उठून दिसतो. कारण सोपं आहे, बाकीची भिंत तीन महिन्यांची आणि तो पट्टा चार दिवसांचा. ताज्या सिमेंटमध्ये क्षार तीव्र असतो, पीएच १२-१३ च्या घरात, तो रंगाला खातो आणि तिथली शेड फिकट किंवा डागाळलेली दिसते.

क्रम असा ठेवा: गिलावा, इलेक्ट्रिकच्या झिरी आणि बॉक्स, नळाची पाईपलाईन, खिडक्यांच्या फ्रेम, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स, फरशी आणि स्कर्टिंग. त्यानंतर पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. मग सुताराची दारं, फिटिंग, फरशीची घासाई-पॉलिश. शेवटचा हात सगळ्यांच्या मागनं. पॉलिशचं घाणेरडं पाणी भिंतीला फूटभर वर उडतं, म्हणून शेवटचा हात आधी मारला तर तो वाया जातो.

तपासा: बाथरूममध्ये पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि पलीकडच्या खोलीतनं भिंतीचा खालचा भाग बघा. गच्चीवरही तसंच. गळती असेल तर ती मिटेपर्यंत रंगाचं नावही काढू नका, पुट्टीनं किंवा कसल्याही डॅम्पप्रूफ डब्यानं आतल्या बाजूनं गळती थांबत नाही, चार महिने लपते.

## ३. भिंत सुकली का, हे भिंतीलाच विचारा

डोळ्यानं बघून "पांढरी पडलीय की" म्हणणं पुरेसं नाही. वरनं पांढरी आणि आत ओली अशी भिंत मी कितीतरी घरांत बघतो.

प्लास्टिकची परीक्षा करा. पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. भिंतीवरची धूळ त्या जागेपुरती कोरड्या फडक्यानं झाडा, नाहीतर टेप धरत नाही. चारी बाजूंनी टेप पक्की दाबून लावा, कुठनंही हवा जाता कामा नये. एक दिवस आणि एक रात्र तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला बारीक थेंब धरलेत का बघा, आणि प्लास्टिक काढल्यावर खालचा गिलावा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतोय का बघा. दोन्हीपैकी एक जरी असलं तरी थांबा, पंधरा दिवसांनी परत लावा.

कुठं लावायचं हे महत्त्वाचं. हॉलच्या मधोमध, जिथं ऊन आणि वारा येतो, तिथं लावून उपयोग नाही, ती जागा सगळ्यात आधी सुकते. दाराच्या मागं, जमिनीपासून फूटभर वर, बाथरूमच्या पाठीमागची भिंत, उत्तरेकडची भिंत, जिन्याखालचा कोपरा, असल्या ठिकाणी लावा. सगळ्यात आळशी कोपरा सुकला की घर सुकलं. ओळखीच्या पेंट दुकानदाराकडं ओलावा मोजायचं मीटर असेल तर मागून घ्या, आकडा १५ टक्क्यांच्या खाली यायला पाहिजे.

पांढरं मीठ फुटलं असेल, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, तर ते पाण्यानं धुऊ नका. पाण्यानं धुतलं की ते विरघळून परत आत जातं आणि सुकल्यावर परत बाहेर येतं. कोरड्या ताठ ब्रशनं झाडा, खाली पडलेलं गोळा करून बाहेर टाका, आठवड्यानं परत बघा. यायचं थांबलं की पुढं सरका. थांबतच नसेल तर कुठनं तरी पाणी येतंय, ते शोधा.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरात काळे-हिरवे ठिपके येतात, ती बुरशी. ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून थोडा वेळ ठेवून घासून साध्या पाण्यानं धुवा, हातमोजे घालून, खिडक्या उघडून. ह्यात टॉयलेट क्लीनर किंवा कसलंही ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. धुतल्यावर भिंत परत ओली झाली हे लक्षात ठेवा, सुकायचे दिवस परत मोजायचे.

## ४. गिलाव्याची प्रकृती बघा

भिंत सुकली म्हणजे चांगली आहे असं नाही. खोलीत शिरून चार गोष्टी बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

घराची किल्ली घ्या आणि गिलाव्यावर दाबून एक रेघ ओढा. नुसता ओरखडा उठला तर गिलावा पक्का. रेघ खोल गेली आणि रेती भुरभुर खाली ओघळली तर पाणी कमी पडलंय किंवा सिमेंट कमी. वरचाच थर सैल असेल तर घासून काढता येतो, पण किल्ली आतपर्यंत जात असेल तर त्यावर कितीही भारी पुट्टी चढवा, ती रेतीसकट सुटणार. तेवढा भाग फोडून परत गिलावा करायचा.

मग करणीच्या दांड्यानं किंवा नाण्यानं भिंत वाजवत चला. भरीव आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला की तिथं गिलावा भिंतीपासनं सुटलाय. कॉलम आणि विटांच्या जोडावर, खिडकीच्या वर, आणि झिरी भरलेल्या जागी हे जास्त सापडतं. खडूनं गोल करा आणि मेस्त्रींना दाखवा. तळहाताएवढा पोकळ भाग असेल तर तो काढलाच पाहिजे.

चिरांचं बघा. केसासारख्या बारीक चिरा पुट्टीत बुजतात. कॉलमच्या कडेनं सरळ वरपासनं खालपर्यंत गेलेली चीर मात्र पुट्टीनं भरली की सहा महिन्यांत परत उघडते, कारण काँक्रीट आणि वीट दोघं वेगवेगळं हलतात. तिथं गिलाव्याच्या आधीच कोंबडी जाळी मारायला पाहिजे होती. आता ती चीर इंग्रजी व्हीसारखी खोदा, क्रॅक फिलर भरा, वरनं जाळीची फायबर पट्टी लावा.

चौथं, भिंतीवर मुठीनं पाणी शिंपडा. थोड्या वेळात पाणी शोषलं गेलं पाहिजे. थेंब तसेच ओघळून खाली आले तर वर तेलकट काहीतरी आहे. छताला गिलावा न करता तसंच ठेवलं असेल तर सेंट्रिंगचं (स्लॅब ओतताना खाली लावलेल्या फळ्यांचं) तेल स्लॅबला राहतं, तिथं हे हमखास होतं. साबणाच्या पाण्यानं घासून काढा.

सावध: ह्या टप्प्यात जे जे नवीन सिमेंट लावाल त्याला परत पाणी आणि परत सुकायला वेळ. शेजारची भिंत तयार आहे म्हणून ठिगळावर लगेच पुट्टी ओढायची नाही.

## ५. दगड मारणं आणि झाडणं

एमरीच्या दगडानं किंवा ८० नंबरच्या पेपरनं सगळी भिंत एकदा घासून घ्या. सुटी रेती, गिलाव्याचे थेंब, रंध्याच्या (गिलावा सपाट करायच्या फळीच्या) रेषा निघाल्या पाहिजेत. मेस्त्रींनी वरनं नीरू (गुळगुळीत पातळ थर) मारून भिंत गुळगुळीत केली असेल तर उलटा प्रश्न, ती इतकी घोटलेली असते की पुट्टीला पकड मिळत नाही, तिथं मुद्दाम खरखरीत करा. मग वरनं खाली झाडू, छतापासून सुरुवात, आणि शेवटी ओलसर फडकं.

## ६. पुट्टी

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त चुका इथंच.

पहिला प्रश्न: आधी प्रायमर की आधी पुट्टी? बाजारात दोन जातीच्या पुट्ट्या आहेत. व्हाईट सिमेंटची पुट्टी पावडर गोणीत येते, ती कोऱ्या गिलाव्यावर थेट लावायची, तिच्या खाली प्रायमर नको, कारण ती सिमेंट आहे आणि तिला सिमेंटच धरायला पाहिजे. ॲक्रिलिक पुट्टी डब्यात मऊ लगद्यासारखी येते, तिच्या खाली आधी प्रायमर लागतो. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की पापुद्रा सुटतो. नवीन गिलाव्याला आपल्या दमट हवेत मी व्हाईट सिमेंटचीच पुट्टी सांगेन, ॲक्रिलिक वाळायला आणि घासायला सोपी पण ओल सहन करत नाही.

किती लागेल त्याचा अंदाज: १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७ आणि खिडकी ४ बाय ४ वजा केली तर ४०३. छत १२० धरून ५२३ चौरस फूट. एका किलोत दोन हातांचे १२ ते १६ चौरस फूट निघतात, म्हणजे ४० किलोची एक गोणी लागते, गिलावा खरखरीत स्पंज फिनिशचा असेल तर थोडी वरनं. खोलीला दोन गोण्या लागतायत असं कोण सांगत असेल तर तो गिलाव्याचे खड्डे पुट्टीनं भरणार आहे, त्याला तिथंच थांबवा. पुट्टीचे दोन हात मिळून जाडी दीड मिमीच्या वर जाता कामा नये. खोल खड्डा असेल तर तो सिमेंट-रेतीनं आधीच भरायचा.

कालवणं: बादलीत आधी पाणी, मग पावडर. एक किलो पावडरला साधारण ३५० ते ४०० मिलि पाणी, पण गोणीवर काय लिहिलंय ते शेवटचं. ड्रिलला कालवायचा दांडा लावून गुठळ्या मोडा, दहा मिनिटं ठेवा, परत एकदा फिरवा. दोन-अडीच तासांत संपेल एवढंच कालवा. घट्ट व्हायला लागली की पेंटर वरनं पाणी ओततात, तसं केलेली पुट्टी वाळल्यावर हाताला पावडर लागते. टाकून द्या, दुसरी कालवा. फेव्हिकॉल, डिस्टेंपर, उरलेला रंग, ह्यातलं काहीच पुट्टीत घालायचं नाही.

लावणं: भिंतीवर ब्रशनं पाणी शिंपडा, ओलसर व्हावी एवढंच, ओघळ नको. कोरड्याठाक गिलाव्यावर पुट्टी ओढली की गिलावा तिचं पाणी क्षणात ओढून घेतो आणि ती न मुरताच सुकते. एप्रिल-मेमध्ये तर पत्ती फिरवून होईपर्यंत वाळलेली असते. पहिला हात खालनं वर, पत्ती भिंतीला दाबून, गिलाव्याची भोकं भरतील असा. रेतीचे दाणे मधनं मधनं दिसत राहिले तरी चालतात, पहिल्या हातातच भिंत गुळगुळीत करायचा हट्ट धरला की जाड थर बसतो. कमीत कमी चार तास जाऊ देत, पावसाळी हवेत सरळ दुसऱ्या दिवशी. मग सुटे कण हलक्या हातानं काढून दुसरा हात, पातळ आणि सपाट. छत आधी, भिंती नंतर, कोपरे सगळ्यात शेवटी.

तपासा: दुसरा हात वाळल्यावर ओल्या बोटानं चोळून बघा. बोटाला पिठूळ पांढरं भरपूर आलं तर पुट्टीची पकड गेलेली आहे किंवा पाणी जास्त झालंय. एवढ्यावर पुढं गेलात तर प्रायमर तिला बांधून ठेवू शकत नाही.

## ७. घासाई आणि बल्बची परीक्षा

व्हाईट सिमेंटची पुट्टी जितके दिवस राहील तितकी कडक होते, म्हणून वाळल्यावर लगेच, दुसऱ्या दिवशी घासायला घ्या. आधी १८० नंबर, मग ३२०. तोंडाला चांगला मास्क, रुमालानं भागत नाही, ही धूळ छातीत बसते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या दिवशी घरात नकोत.

दिवसाच्या उजेडात भिंत सपाटच दिसते. अंधार पडल्यावर वायरला लावलेला बल्ब किंवा मोबाईलची टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून आडवी धरा, उजेड भिंतीवरनं घसरत गेला पाहिजे. मग पत्तीच्या रेषा, खड्डे, फुगवटे सावली टाकून उठून दिसतात. हॉलमधली जी भिंत खिडकीच्या बाजूला काटकोनात आहे, तिथं तर हे केलंच पाहिजे, कारण संध्याकाळचं ऊन नेमकं असंच पडतं. खुणा शिसपेन्सिलनं हलक्या करा. बॉलपेन किंवा मार्करची खूण दोन हात रंगातनंही वर येते.

डागडुजी केली, परत घासली, आता धूळ. झाडू फिरवून भागत नाही, मऊ ब्रश आणि मग कोरडं फडकं, खिडकीच्या चौकटी आणि बोर्डाचे खड्डे धरून. तळहात फिरवून बघा, काळ्या कपड्याला पुसून बघा.

## ८. प्रायमर

"पुट्टी पांढरी आहे की, प्रायमर कशाला" हे ऐकून प्रायमर गाळू नका. पुट्टी रंगाचं पाणी ओढून घेते, कुठं कमी कुठं जास्त, आणि रंग ठिगळासारखा दिसतो. नवीन भिंतीला पाण्याचा ॲक्रिलिक वॉल प्रायमर घ्या. ऑइलचा प्रायमर नको, ताज्या सिमेंटचा क्षार तेलाचा साबण करतो आणि थर चिकट होऊन सुटतो. ह्याच कारणानं स्वयंपाकघरात आणि बोळात जो तीन-चार फुटांचा ऑइल पेंटचा पट्टा मारायची पद्धत आहे तो नवीन गिलाव्यावर पहिलं वर्षभर मारू नका, धुता येणारं चांगलं इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) तेवढंच काम करतं.

पाणी किती घालायचं ते डब्यावर बघून मापानं घाला, एकच मग ठेवा. अंदाजानं ओतलं की पहिली खोली दाट आणि तिसरी खोली नुसतं पांढरं पाणी. एक हात पुरतो, पण एम सँडचा गिलावा आणि पातळ पुट्टी असेल तर दोन मारा.

तपासा: प्रायमर वाळल्यावर टेपचा तुकडा घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपला पावडर किंवा पापुद्रा आला तर खालचं काहीतरी चुकलंय. आत्ताच सापडलेलं बरं, रंगाचे डबे अजून बंद आहेत. प्रायमरनंतर जे बारीक खड्डे दिसतील ते पुट्टीनं भरा, घासा, आणि तेवढ्या जागी परत प्रायमर लावायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक ठिपका रंगात मॅट होऊन दिसेल.

## ९. रंग

इथपर्यंत नीट आलात तर हे सगळ्यात सोपं.

सगळे डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या, आणि दुकानात मशीनवर शेड करून घेतली असेल तर एका भिंतीला लागणारा सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र करून घ्या. दोन डब्यांत जरासा फरक असतोच, तो मधल्या भिंतीवर दिसतो. एका लिटरात दोन हातांचे साधारण १०० ते १४० चौरस फूट निघतात, म्हणजे वरच्या खोलीच्या भिंतींना चार लिटर.

लाईट मेनवरनं बंद करा, बोर्डाच्या पट्ट्या खोलून ठेवा, पंखा बंद. छत आधी. मग दोन इंची ब्रशनं कोपरे आणि कडा भरा आणि त्या ओल्या असतानाच रोलर आणा. सगळ्या घराच्या कडा सकाळी भरून रोलर दुपारी मारला की भिंतीला चौकटीसारखी किनार दिसते. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवा, मध्ये चहाला उठायचं नाही. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चार ते सहा तास, धुकं किंवा पाऊस असेल तर रात्र जाऊ दे. पहिल्या हातानंतर ४०० नंबरनं हलकंसं घासलं तर दुसरा हात फार सुंदर बसतो. मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आधी ओढा, नंतर ओढली की रंगाची कड फाटते.

मे महिन्यातल्या वळवाकडं लक्ष असू दे. दुपारी कडक ऊन आणि चार वाजता गारा, उघड्या खिडकीतनं शिंतोडे आले की ताज्या इमल्शनवर ओघळ पडतात. त्या महिन्यात काम सकाळी सातला सुरू करा आणि तीनला थांबवा.

पेंटरशी बोलताना "सगळं करून किती" असं विचारू नका. पुट्टीचे दोन हात, घासाई, प्रायमर एक, रंग दोन, गडद शेड असेल तर तीन, असं वहीत लिहून दोघांनी बघा आणि प्रत्येक हात झाला की बघून मगच पुढचा सुरू करायला सांगा. पुट्टीचा दुसरा हात आणि रंगाचा दुसरा हात, हे दोनच नेमके गायब होतात.

## १०. रंग झाल्यावर

हाताला कोरडा लागला तरी इमल्शन पक्कं व्हायला वेळ लागतो. पहिला महिना भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, कपाट-पलंग भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा म्हणजे मागनं वारा फिरेल. डाग पडला तर तोवर कोरडा मऊ कपडाच. शेडचा नंबर, बॅच नंबर आणि तारीख डब्याच्या झाकणावरनं फोटो काढून ठेवा, झाकण पेंटरबरोबर जातं. अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात भरून उन्हापासनं लांब ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर कुठं ओल आली तर आधी पाणी कुठनं येतंय ते बंद करा, भिंत परत प्लास्टिक लावून तपासा, आणि मगच तो डबा उघडा.